झाकणावरचं नाव

त्यांना सगळे प्लेटकाका म्हणत. ज्या मुलांनी हे नाव ठेवलं ती शिकूनसवरून केव्हाच पांगली, पण नाव मागे राहिलं आणि अंगाला असं बसलं की पगारपत्रकावरच्या नावानं कुणी हाक मारली तर काकाच मागे वळून बघत, कुणाला बोलावतायत म्हणून.

काम नावातच होतं. तळहाताएवढ्या गोल, पारदर्शक, झाकणाच्या बशा असतात, त्या प्लेटा. त्यांत गरम पातळ खाद्य ओतायचं, ते गार होऊन आळलं की त्यावर यीस्ट वाढवायचं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. बाहेर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. इथं प्रयोगशाळेत मात्र तिच्या जिवावर दर वर्षी दोघं-तिघं डॉक्टर होऊन बाहेर पडत, आणि पडताना काकांना पेढ्याऐवजी पेन देऊन जात. काकांकडे पेनं पुष्कळ साठली होती.

नव्यानं आलेल्या प्रत्येकाला काकांचं एक प्रवचन ऐकावं लागे. नाव बुडावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणाचं काय, आज ह्याच्या डोक्यावर, उद्या त्याच्या. बूड कुठं जात नाही. मुलं पाठमोरी होऊन ह्याची नक्कल करत आणि काकांना ते माहीत होतं. नक्कल चांगली जमली तर ते मनातल्या मनात मार्कही देत.

काका बोलू लागले की थांबत नसत, ही त्यांच्याबद्दलची दुसरी ख्याती. खाद्य ढवळताना बोलत, बाटल्या वाफवताना बोलत, समोरचा दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा असला तरी बोलत. गंमत अशी की ह्या प्रयोगशाळेचं सगळं आयुष्य थांबण्याच्याच अभ्यासात गेलं होतं. पेशीत प्रोटीन तयार होतं ते माळ ओवल्यासारखं, एकामागून एक मणी. माळ कुठं संपवायची त्याची खूण लिहिलेली असते. ती खूण आली की एक ठरावीक प्रोटीन येऊन बसतं, दोरा तोडतं आणि माळ मोकळी करतं. ते आलं नाही तर ओवणारा आपला ओवतच बसतो, आणि तसली लांबलचक माळ कुणाच्या गळ्यात घालायच्या कामाची नसते. ह्या थांबवणाऱ्या प्रोटीनची माहिती काकांना तोंडपाठ होती. उपयोग काय, असं चष्मिष म्हणायची.

चष्मिष म्हणजे सध्याची संशोधक मुलगी. जाड भिंगाचा चष्मा, हातात कायम गार झालेली कॉफी. काकांचं बोलणं पूर्ण ऐकणारी ती एकटीच, आणि तीही बहुधा दुसरं काहीतरी मोजत असताना.

संध्याकाळी काका घरी जात तेव्हा बोलणं दारातच संपायचं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दोन खुर्च्या, कपडे वाळत घालायला एक दोरी. काकांचे कपडे अजून दोरीच्या डाव्या अर्ध्यावरच वाळत. उजवा अर्धा बायकोचा होता, आणि ती जाऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचा शर्ट मधली गाठ ओलांडत नसे. स्वयंपाकघरातला नळ गळायचा. तो बंद करायची तिची एक खुबी होती. काकांनी खाली वाटी ठेवून दिली होती, ती भरली की ओतायची आणि पुन्हा ठेवायची.

मुलगी लांबच्या शहरात नोकरी करायची. रविवारी तिचा फोन येई. जेवलात का, हो, तू, हो, गोळ्या घेता ना, घेतो, बरं मग ठेवते. प्रयोगशाळेत ज्यांच्यापुढं लोक हात टेकत ते काका इथं चार शब्दांत आटपत. आई होती तेव्हा फोन आईच घ्यायची आणि काकांपर्यंत फक्त निकाल पोचायचा. मधला दुवा गेला आणि दोघांनाही कळेना की एकमेकांशी काय बोलतात.

तर अशा काकांची एक ठेव प्रयोगशाळेतल्या जुन्या फ्रीझरमध्ये होती. उणे ऐंशी अंशाचा तो फ्रीझर, दार उघडलं की धूर ओकणारा. त्यात अगदी मागे, एका डब्यात, करंगळीएवढी नळी होती.

तिची गोष्ट जुनी. तेव्हाचे सर, जे आता नाहीत, त्यांना एका गोष्टीनं झपाटलं होतं. हे थांबवणारं प्रोटीन यीस्टमध्ये आहे, झाडात आहे, माशात आहे, माणसात आहे. यीस्टचं आणि माणसाचं शेजारी ठेवलं तर तीन भागांतले दोन भाग हुबेहूब. जिवाणूंनी आपलं बिऱ्हाड वेगळं थाटलं, त्यांचं हे काम दुसरंच प्रोटीन करतं. पण आपली वाट आणि यीस्टची वाट वेगळी होऊन शंभर कोटी वर्षं उलटली तरी ह्या एका बाबतीत दोघांनीही घरातली रीत मोडलेली नाही. विशेषतः ह्या प्रोटीनच्या ज्या टोकानं दोरा तुटतो तिथले तीन मणी सगळ्यांचे तेच. सर म्हणत, एवढं सारखं असेल तर यीस्टचं काढून घेऊ आणि माणसाचं घालू. जगतं का बघू.

माणसाचं आणायचं म्हणजे कुणाचं तरी थोडं रक्त हवं. तो काळ साधा होता, कागदपत्रं नव्हती. एक दिवस काकांची बायको विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आली आणि सरांनी तिलाच विचारलं. तिनं काकांकडे बघितलं, काकांनी समजावून सांगितलं, नेहमीसारखं लांबण लावून. ऐकता ऐकता तिनं बाही वर केली.

"म्हणजे माझ्यातलं थांबवणारं बुरशीत घालणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं ह्यांना थांबवता आलं नाही मला, बुरशी काय ऐकणार."

सर इतके हसले की रक्त दुसऱ्याला काढावं लागलं.

बुरशीनं मात्र ऐकलं. ह्या यीस्टमध्ये एक रंगाची युक्ती होती. तिच्या एका जीनमध्ये नको तिथं, मध्येच, थांबायची खूण घालून ठेवली होती. ती खूण पाळली गेली की पेशीत लाल रंग साठायचा, दुर्लक्ष झालं की वाढ पांढरीच राहायची. काकांच्या बायकोच्या प्रोटीनवर जगणाऱ्या यीस्टचे ठिपके लालभडक आले, यीस्टच्या स्वतःच्या इतकेच. शेजारी ठेवले तर फरक सांगता येऊ नये. घरी जाऊन काकांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्यापेक्षा शहाणी आहे ती. पुढं कितीतरी वर्षं, काका बोलत सुटले की ती नुसतं "बुरशी" म्हणायची, आणि काका थांबायचे.

सर गेले, विषय बदलले, बायको गेली. ती नळी कुणाची हे आता काकांनाच माहीत होतं. वर्षातून एकदा फ्रीझरचा बर्फ खरवडताना डबा हाती लागायचा. काका हातमोज्यानं वरचा बर्फ पुसत आणि डबा जागच्या जागी ठेवत. एवढंच.

काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता, तेव्हा एका लांबलचक सुट्टीत फ्रीझरनं मान टाकली. सोमवारी दार उघडलं तर धूर नाही, आत तळं. नवे सर चांगले माणूस, पण त्यांना जागेची फार काळजी. म्हणाले, ज्याला जे जगवायचं असेल ते त्यानं जगवावं, शनिवारी बाकीचं टाकून देऊ. मुलांनी आपापल्या नळ्या उचलल्या. काकांनी दोन उचलल्या. एक बायकोची. दुसरी तिच्या जोडीला ठेवलेली, यीस्टच्या स्वतःच्या प्रोटीनवर जगणारी, पडताळ्यासाठी. दोन्ही कोमट झाल्या होत्या. आत बहुतेक सगळं मेलेलं असणार हे काकांना दिसत होतं, म्हणून त्यांनी हातचं काही राखलं नाही. एकेका नळीतला शेवटचा थेंब एकेका प्लेटवर ओतला, पसरला, आणि रिकाम्या नळ्या वाफवून टाकायच्या कचऱ्याच्या, वाफेच्या पिशवीत टाकून दिल्या. ओल मुरावी म्हणून दोन्ही प्लेटा झाकणं काढून वाऱ्याच्या पेटीत शेजारी शेजारी मांडल्या.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. सोमवारी, भर दुपारी. काकांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी. पण तसं काही नव्हतं. तिनं नवीन घर घेतलं होतं भाड्यानं, त्यात एक खोली जास्तीची होती. नोकरी संपली की या, ती म्हणाली, आणि मग जे रविवारी कधी बोलली नव्हती ते बोलू लागली, खिडकी कुठल्या बाजूला आहे, खाली झाडं किती आहेत. काकांचा डोळा पेटीकडे होता. प्लेटा उघड्या, हवेतलं काहीही पडेल.

"बघू," ते म्हणाले. "ठेवतो आता, काम आहे."

आयुष्यात पहिल्यांदा फोन त्यांनी ठेवला होता. ते परत आले, झाकणं उचलली, आणि तिथंच हात थबकला. नावं झाकणांवर होती. सकाळच्या घाईत जगाला शिकवलेली गोष्ट काका स्वतः विसरले होते. दोन झाकणं दोन हातांत, समोर दोन प्लेटा, काचेसारख्या स्वच्छ, एकसारख्या, आणि दोन्ही बुडं कोरी.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. डावीकडची आधी ओतली होती का? आधी बायकोची घेतली होती, की मुद्दाम नंतर? जितकं आठवावं तितकं दोन्ही खरं वाटू लागलं. शेवटी अंदाजानं झाकणं लावली.

दोन दिवसांनी एका प्लेटवर बोटांवर मोजण्याइतके ठिपके उगवले. दुसरी कोरीच राहिली. आणखी एक दिवस गेला तरी कोरीच. जिवंत प्लेटवरच्या झाकणावर बायकोचं नाव होतं. त्या झाकणावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच आता प्रश्न होता. ठिपके लाल होत चालले. पण त्या रंगावरून काहीच कळत नव्हतं. सारखेपणाचं ज्यांनी इतकं कौतुक केलं, त्यांच्यावरच तो उलटला होता.

काका बोलेनासे झाले. मुलांना आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटू लागलं. गुरुवारी चष्मिषनं त्यांना प्लेट उजेडाला धरून उभं राहिलेलं पाहिलं. जवळ आली, वाकून बघितलं.

"काका, नाव झाकणावर?"

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. काकांनी सगळं सांगितलं, पण नळी कुणाची ते गाळून. ती म्हणाली, एवढं काय त्यात, यीस्टचं स्वतःचं तर माझ्याकडे ढीगभर आहे, आणि माणसाचं हवं असेल तर आता मागवलं की बनवून येतं.

"ते आमच्या हिचं आहे," काका म्हणाले.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं कॉफी खाली ठेवली. काका, रागावू नका, पण तुम्हालाही माहीत आहे, काकूंचं काय, माझं काय, वॉचमनचं काय, ते प्रोटीन सगळ्यांचं एकच. मण्याला मणी जुळतो. काका म्हणाले, माहीत आहे.

"पण सगळ्या घरांना दारं असतात म्हणून कुणाच्याही घरात शिरायचं का?"

तिनं पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिच्याकडे पीसीआरचं यंत्र होतं. प्रोटीनं सारखी असली तरी ती ज्यावर लिहिलेली असतात त्या जीनमध्ये फरक असतो, यंत्राला तो दोन तासांत कळतो आणि पडद्यावर दोघांचे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर उमटतात. एक ठिपका द्या, ती म्हणाली. काका नको म्हणाले. विचारलं नाही तोवर झाकणावरचं नाव तरी होतं. त्या दिवशी ते घरी गेले, वाटी ओतली, आणि दोन्ही खुर्च्या समोरासमोर असताना पलंगाच्या कडेवर बसून जेवले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतःच काडीनं एक ठिपका उचलून तिच्यापुढं धरला. उद्या शनिवार होता. सरांना ठेवायच्या नळ्या सांगायच्या होत्या, आणि खोट्या नावानं काही ठेवणं काकांना आयुष्यात जमलं नव्हतं.

दुपारी पडद्यावर पट्टा उमटला. चष्मिषनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तिला सांगावंच लागलं नाही.

"यीस्टचं," काका म्हणाले.

"हो."

"बरं."

ती म्हणाली, तीन भागांतले दोन भाग तर त्यातही तेच आहेत ना, काका. आणि ते तीन मणी. तिला खरंच काहीतरी द्यायचं होतं आणि तिच्याजवळ तेवढंच होतं. काकांनी मान हलवली आणि बाटल्या वाफवायला गेले.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. रविवार नव्हता, आणि लावणारे ते होते.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. तुझ्या आईचं एकदा रक्त घेतलं होतं आम्ही."

पलीकडे भांडी वाजत होती ती थांबली. काकांनी सांगितलं. डबा, बाही, सरांचं हसणं, नळी, फ्रीझर, झाकणं, पट्टा. बोलणं कुठं वाहवलं नाही, सरळ शेवटाला जाऊन पोचलं.

"म्हणजे आई इतकी वर्षं तुमच्या फ्रीझरमध्ये होती," ती म्हणाली, "आणि मला पत्ता नाही."

"आई नव्हे. तिचं एक प्रोटीन."

"बाबा, तुम्ही ना." आवाज हसल्यासारखा होता, पूर्ण हसलेला नव्हता. मग तिच्या ध्यानात आलं. सोमवारी मी फोन केला तेव्हाच ना, तिनं विचारलं. काका म्हणाले, तुझ्यामुळं नाही, नाव बुडावर लिहायला हवं होतं.

"माझं रक्त चालेल?"

काकांनी हा विचार केला नव्हता. म्हणजे केला होता, पण तो फोनवरून मागण्याची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

"चालेल. त्या जीनच्या दोन प्रती असतात. एक तिच्याकडून, एक माझ्याकडून."

"मग त्यातली आईची घ्या."

"निवडता यायची नाही. बनणारं प्रोटीन दोन्हींचं सारखंच. कुठली कुणाची, मी सांगू शकत नाही."

"म्हणजे तिथंही झाकणं बदललेलीच," मुलगी म्हणाली.

बोलणं असं संपलं की दर रविवारी ती ठेवते म्हणायची. आज म्हणाली नाही. फोनमधून तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता, आणि तिला काकांच्या घरातलं काहीतरी ऐकू येत असावं.

"तो नळ अजून गळतोय?"

"हो."

"आई आधी जरा उलटा फिरवायची, मग बंद करायची. आठवत नाही तुम्हाला?"

"आठवतं की."

"मग?"

काकांनी वाटीकडे बघितलं. "राहू दे म्हटलं," ते म्हणाले. "तेवढाच आवाज असतो घरात."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात येते, तुमच्या निरोपाच्या आधी, रक्त द्यायला. आई घाबरली होती का सुई टोचताना? अजिबात नाही, काका म्हणाले. तिनं तेव्हा काकांचं मनगट असं आवळलं होतं की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ दोन दिवस राहिला, पण मुलगी सुईला घाबरते हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी नव्या सरांनी विचारलं, काका, तुमचं काही ठेवायचं आहे का. काका नाही म्हणाले. दोन्ही प्लेटा त्यांनी झाकणांसकट वाफेच्या पिशवीत टाकल्या. मग स्वतःचं स्वतः खाद्य उकळलं आणि प्लेटा ओतायला घेतल्या. ओतून झाल्यावर त्यांतल्या दोन बाजूला काढल्या, उलट्या केल्या आणि बुडावर तारीख घातली.

चष्मिष मागे उभी होती. ह्या कुणासाठी, तिनं विचारलं. काकांनी मुलीचं सांगितलं, येतेय म्हणून, रक्त देणार आहे म्हणून. ऐकताना तिचा चेहरा पडत गेला. तिनं खुर्ची ओढली आणि सावकाश सांगितलं की आता पूर्वीसारखं नाही. माणसाच्या रक्ताचा थेंब घ्यायचा तर समितीची परवानगी लागते, अर्ज, सह्या, दोन बैठका. समिती बसेपर्यंत काका घरी बसलेले असतील. आणि एक महिना आधी ओतलेल्या प्लेटा तशाही सुकून जातील.

"माहीत आहे," काका म्हणाले.

"मग ताईंना सांगितलंत?"

काकांनी दोन्ही प्लेटा थंडाव्याच्या कपाटात ठेवल्या, बूड वर करून, तारीख दिसेल अशा.

"येते म्हणालीय ती," ते म्हणाले, आणि कपाटाचं दार लावून घेतलं.